तिसरा आकडा

मावशी कॉम्प्युटर दुरुस्त करते. समोरच्याने तोंड उघडायच्या आत तिचा प्रश्न, उत्तर आणि शेरा, तिन्ही होऊन जातात. "काय, मध्येच बंद पडतो? वायर सैल असणार. नाही? मग धूळ. म्हटलं नव्हतं मी?" गिऱ्हाईक बिचारं अजून पायरीवरच असतं.

शिंपीणबाई मात्र ओठांत टाचण्या धरून बोलतात. त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत मावशीची चार होतात.

त्यांचं भरतकामाचं मशीन एका जुन्या कॉम्प्युटरवरच चालतं, नव्यावर चालत नाही. आणि तो जुना मेला अर्ध्या पाकळीवर बंद पडायला लागला. दुसऱ्या दुकानदाराने निकाल देऊन टाकला होता, "मदरबोर्ड एकशे सत्तावीस डिग्रीवर गेलाय. फेका." म्हणजे मशीनही भंगारात आणि बाईंचं पोटही.

मावशीने पडद्यावर पाहिलं. तापमानाचे चार आकडे, पण कुठला कशाचा ते लिहिलेलं नाही. चौथा एकशे सत्तावीसवर ठाण मांडून.

"एवढ्या तापमानाला पाण्याची वाफ झाली असती, आणि बोर्ड बघा, हाताला गार! थंड असतानाही आकडा तेवढाच, तापल्यावरही तेवढाच. याच्या मागे सेन्सर जोडलेलाच नाही, ताई. हा नुसता बडबडतोय."

उरलेल्या तिघांची ओळख पटवायला तिने हेअर ड्रायरला कागदाची नळी लावली आणि एकेका भागावर गरम हवा सोडली. प्रोसेसरला जड काम लावलं तसा पहिला आकडा उसळला. "हा प्रोसेसर. आमच्या धाकट्या भाऊजींसारखा, लगेच डोकं तापतं." बोर्डाच्या कडेला हवा सोडली, दुसरा हलला. तिसरा कशालाच दाद देईना.

"हाही रिकामाच. सोडा, झालं!" पंखे पुसून, झाकण लावून कॉम्प्युटर रवाना.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई दारात. टाचण्या काढून, हातात धरून. "ताई, तुम्ही 'झालं' म्हणालात. अर्ध्या पाकळीवर बंद."

हत्यारांची पिशवी उचलून मावशी त्यांच्यामागून निघाली.

शिंपीणबाईंच्या खोलीत तिने मशीन चालू करायला लावलं आणि आकड्यांसमोर बसली. बसली म्हणजे काय, तीनदा उठली. "काहीच नाही? म्हणजे वीजच—"

"थांबा हो जरा. पाकळी होऊ द्या."

पाकळी अर्धी भरत आली, आणि तिसरा आकडा चढायला लागला. आधी गोगलगाईसारखा, मग चढतच गेला. पडदा काळा झाला. मावशीने झाकण उघडून हात फिरवला. मोठ्या ग्राफिक्स कार्डाच्या खाली एक चिप होती, डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमचा जाड ठोकळा घेऊन बसलेली.

"आई गं!" ती बोट फुंकत म्हणाली. "मी याला क्षणभर हवा दिली, आणि बोलत नाही म्हणून मोकळी झाले. एवढा जाड ठोकळा, तापायला वेळ नको?"

"माझ्यासारखाच आहे," शिंपीणबाई म्हणाल्या.

चिपची उष्णता ठोकळ्यात पोचवणारी पेस्ट वाळली होती; ती खरवडून मावशीने नवी लावली, शेजारी छोटा पंखा बसवला. मशीन पुन्हा सुरू झालं. तिसरा आकडा थोडा चढला आणि अडला.

"बघा, म्ह—"

शिंपीणबाईंनी बोट वर केलं. पाकळी झाली, देठ झाला, पान झालं. पडदा उजळलेलाच होता. त्यांनी दोरा कापला, रिंगमधलं कापड काढलं आणि दुसरं चढवलं.