टाकीला घाबरलेली चिमा

बुरोंडीत चिमाला अजून ‘टाकीला घाबरलेली’ म्हणतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. चिमा माझ्या वर्गातली. पाण्याला भिणारी बाई कशी असते ते मला ठाऊक आहे, कारण ती मी आहे. चिमा तशी कधीच नव्हती.

कमरेला सुक्या नारळांची जोडी बांधून आमच्याकडे बहुतेक सगळेच पोहायला शिकतात, तशी तीही शिकली. नारळ सुटले आणि ती मुलग्यांच्याही पुढे जाऊ लागली. शिमग्यात आमच्याकडे पोहण्याची शर्यत लागायची. नांगरलेल्या होडीला वळसा घालून किनाऱ्याला परत यायचं. होडी म्हणजे लक्ष्मी, तिला हातपाय लागला की गडी बाद. चिमाचा कधी लागला नाही.

हे आत्माराम गुरुजींनी पाहिलं आणि शाळेचं नाव गाजवायचं त्यांच्या मनात आलं. गुरुजी मूळ समुद्रापासून लांबच्या पालीचे. घोट्याच्या वर पाण्यात ते कधी गेले नाहीत, पण शिट्टी झकास वाजवायचे. काठावरून त्यांनी शिट्टी वाजवायची आणि आत चिमानं पोहायचं, याला ते प्रशिक्षण म्हणत. जिल्ह्याची स्पर्धा खाडीत झाली, या काठावरून त्या काठावर सरळ. त्र्याऐंशी साली चिमा तिथं पहिली आली.

पुढची स्पर्धा कोल्हापुरात, पोहण्याच्या टाकीत. तिथं जिंकणाऱ्या मुलीची वसतिगृहात राहून शिकायची सोय होणार होती. चिमा तेव्हा नववीत होती आणि तिचा बाप बाबल्या तिला शाळेतून काढायलाच निघाला होता. तो म्हणाला, “जिकलीस तर शीक. नायतर आयशीची मासळीची टोपली हाय.”

सोबतीला मला धाडलं. आदल्या संध्याकाळी सगळ्या शिक्षकांना नियम समजावून सांगायला टाकीवर बोलावलं होतं. आमचे गुरुजी गेले चपला घ्यायला. कोल्हापुरात येऊन चपला न घेता कोण परत जातं? दिवेलागणीला करकर वाजवत आले आणि आम्हा दोघींना कौतुकानं दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी चिमा सगळ्यांच्या आधी समोरच्या भिंतीपाशी पोचली. तिथं हातभर अंतर राखून, होडीला घालावा तसा वळसा घालून ती परत फिरली आणि पहिली आली. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. मग पंचांनी तिला बाद केलं. वळताना भिंतीला स्पर्श करायचा असतो, हे काल सगळ्या शिक्षकांना सांगितलं होतं, म्हणाले. गुरुजी टाकीतल्या पाण्याकडे बघत राहिले.

“माझा पाय कुठं लागला नाय गो,” एसटीत चिमा मला म्हणाली, “मग बाद कशाला केलानी?”

पंच काय म्हणाले ते मी तिला समजावलं. पुढच्या बाकावर गुरुजी झोपले होते. कोणी चोरू नये म्हणून चपलांची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली होती. रत्नागिरी येईपर्यंत चिमा त्या पिशवीकडे बघत बसली.

गावात गुरुजींनी सांगितलं, पोर टाकी बघून घाबरली. मी घरोघर खरं सांगितलं, पण मास्तरांपुढं पोरीचं कोण ऐकतं? चिमाच्या डोक्यावर टोपली आली. पुढे गावातच लग्न झालं.

एकोणनव्वदला गुरुजी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, हार, सगळं झालं. भाषणात त्यांनी समुद्राच्या पोरीची टाकीतली गोष्ट सांगितली आणि माणसं पोट धरून हसली. तो खोटारडेपणा ऐकून मी उठून बाहेर आले. बंदरावर चिमा बांगडे विकत बसली होती, तिच्याजवळ बसले.

थोड्या वेळानं गळ्यात हार तसाच ठेवून गुरुजी मासे घ्यायला आले. “चिमे,” ते म्हणाले, “तेव्हा घाबरली नसतीस, तर आज कुठल्या कुठं असतीस.”

चिमानं बांगडे त्यांच्या पिशवीत घातले. “गुरुजी, त्या चपला टिकल्या काय हो?”

“कुठल्या गो चपला?” गुरुजींनी विचारलं.

त्यांना खरंच आठवत नव्हतं.