घरचं गाऱ्हाणं

दत्ताराम गावकरांचा मला राग यायचा आणि राग लपवायची मला सवय नाही. माणूस वाईट नव्हता. पण काहीही विचारलं की ते आधी समोरच्या माडाकडे बघायचे, मग पायाकडे बघायचे, आणि आपण विषय विसरून गेलो की उत्तर द्यायचे. मी मालवणच्या शाळेत गणित शिकवायचे. उत्तरासाठी इतका वेळ थांबायची मला सवय नव्हती.

त्यांचा मुलगा गुरुदास हा माझा जुना विद्यार्थी. चौऱ्याऐंशी साली तो बी.कॉम. झाला आणि मॅनेजमेंटला जायचं त्याच्या डोक्यात शिरलं. त्यासाठी एक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, पाठांतराची नव्हे, कलचाचणी म्हणतात तशी, एवढंच त्याला ठाऊक होतं. मलाही तेवढंच ठाऊक होतं. घरात ठरलं होतं की एकदा बसू द्यायचं. जमलं तर शिकायला जाईल, नाही तर जानेवारीपासून कणकवलीच्या एका सोसायटीत कारकुनी. ती जागा त्याच्या मामाने धरून ठेवली होती आणि मामा दर आठवड्याला आठवण करून द्यायचा.

मुंबईहून पोस्टाने अभ्यासाची पाकिटं यायची. आम्ही दोघं रविवारी माझ्या पडवीत ती फोडायचो. सहा माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, वकील डॉक्टरच्या शेजारी नाही, डॉक्टर समोरच्याकडे पाठ करून नाही, तर इंजिनिअर कुठे? गुरुदास म्हणायचा, "बाई, ही माणसं जेवूक बसली काय भांडाक?" कोष्टकांचा सराव हवा म्हणून मी त्याला मालवणच्या स्टँडवरचं एसटीचं वेळापत्रक उतरवून आणायला लावलं. सावंतवाडीची गाडी कट्ट्याला किती वाजता, मधली गाडी रद्द झाली तर कुडाळला पोचायला किती उशीर, असे प्रश्न मीच बनवायचे. ते पाकिटातल्यांपेक्षा बरे होते, असं माझं अजूनही मत आहे.

पोराची बुद्धी चांगली होती, खोड एकच. गणित अडलं की तो त्याला सोडायचा नाही. पुढची दहा सोपी गणितं वाट बघत बसलेली, आणि हा एकाच्या मानगुटीवर. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, वेळ मोजका असतो, अडलं की सोड आणि पुढे जा, हे सांगून सांगून माझा घसा बसला. एकदा दत्ताराम त्याला न्यायला आले होते, पायरीवर बसून ऐकत होते. नेहमीप्रमाणे माडाकडे बघून झाल्यावर म्हणाले, "बाईनू, येणा नाय ता सोडूचा, ही कसली परीक्षा?"

मी म्हटलं, "अशीच असते. सोडता येणं हेसुद्धा बघतात त्यात."

ते उठून चालू लागले. मला वाटलं, त्यांना पटलं नाही.

आता त्यांच्या मानाबद्दल सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. गावाच्या देवळात गाऱ्हाणं घालायला त्यांच्या घराण्यातला थोरला उभा राहायचा. खांद्यावर पांढरं उपरणं घेऊन तो देवापुढे गावाचं म्हणणं मांडणार, आणि प्रत्येक वाक्यानंतर मागे जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देणार. एरवी तोंडातून शब्द न फुटणारा हा माणूस तिथे उभा राहिला की घडाघडा बोलायचा. आवाज पार देवळाबाहेरच्या तळीपर्यंत जायचा. पाऊसपाणी, गुरंढोरं, मुंबईला गेलेले चाकरमानी, सगळ्यांची आठवण असायची. फक्त स्वतःच्या घरचं काही नसायचं. गुरुदास लहान असताना तापाने फणफणला होता तेव्हाही नाही. गावाच्या गाऱ्हाण्यात घरचं घालायचं नाही, असा त्यांचा नेम. त्यांची बायको राधाबाई ही गोष्ट मला तीनदा तरी सांगून चुकली होती, आणि तिन्ही वेळा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या वर्षी परीक्षा डिसेंबरातल्या एका रविवारी होती, केंद्र पणजीला. आणि त्याच आठवड्यात देवाने गावपळणीचा कौल दिला.

गावपळण म्हणजे सगळं गाव रिकामं करायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी तीन दिवस वेशीबाहेर राहायचं. त्या दिवसांत गाव देवाचं, माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी तेवढे देवळात जाऊन कौल घेतात. पाषाणावर उजवीकडे नि डावीकडे ओल्या कळ्या लावतात. उजवी आधी पडली तर परत या, डावी पडली तर अजून एक दिवस थांबा. मालवणात राहणाऱ्या माझ्यासारखीला हे सगळं वेळेचा खोळंबा वाटायचं. त्यांना मात्र सणासारखं. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, संध्याकाळी भजनं. बुधवारी गाव बाहेर पडलं, म्हणजे शनिवारी सकाळी परत. शनिवारी दुपारी मी गुरुदासला घेऊन पणजीची गाडी धरायची आणि माझ्या बहिणीकडे, अक्काकडे, मुक्काम करायचा, असं ठरलं होतं.

शनिवारी सकाळी मी पिशवी घेऊन थेट खोपींवर पोचले. गुरुदास एका फणसाखाली गणित सोडवत होता. सवयीने विचारलं, "हॉल तिकीट घेतलंस ना?"

"देवाकडे आसा," तो म्हणाला.

"कुठल्या देवाकडे?"

"घरच्या. नारळाखाली."

मी कपाळावर हात मारला. झालं होतं ते असं. तिकीट पोस्टाने आलं त्या दिवशी राधाबाईने ते घरच्या देवापुढे ठेवलं, वर नारळ ठेवला. देवापुढे ठेवलेली वस्तू निघायच्या दिवसापर्यंत उचलायची नाही. मग गावपळण आली. कोंबड्यांच्या पाट्या निघाल्या, मांजर पोत्यात घालून निघालं, अभ्यासाची पाकिटं निघाली, तिकीट तिथेच राहिलं. विसरलं असतं तर मी समजू शकले असते. पण विसरलं नव्हतं. चौथ्या दिवशी कौल मिळतोच, कुणाच्या आठवणीत तो कधी अडला नव्हता, तेव्हा शनिवारी घरी जाऊ, नारळ फोडू आणि तिकीट घेऊन निघू, असा सगळ्या घराचा हिशेब होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात दत्ताराम उपरणं घेऊन निघाले. बरोबर त्यांचा चुलतभाऊ जयराम आणि दोघे मानकरी. राधाबाई पुढे झाली. "आयकलात? आपला दार देवळाच्या वाटेर आसा. येताना तेवढा तिकीट घेवन येवा."

ते थांबले. व्हाळाकडे बघितलं, पायाकडे बघितलं. "मी गावाच्या कामाक जातंय," म्हणाले. "घरच्या कामाक नाय."

आणि गेले.

आम्ही वाट बघत बसलो. गुरुदासने वही मिटली होती. खोपींवर सगळ्यांची बांधाबांध चालू होती, एका म्हातारीने तर कोंबडा पाटीखाली कोंडूनही ठेवला. मानकरी परत येताना दिसले तेव्हा मात्र कुणी विचारायची गरज पडली नाही. जयराम मान हलवत होता. डावी कळी पडली होती. गावाने अजून एक दिवस बाहेर राहायचं होतं.

दत्ताराम व्हाळ ओलांडून आले. दोन्ही हात रिकामे.

गुरुदास उठून त्यांच्यासमोर उभा राहिला. "बाबा, दार वाटेर होता."

"होता," ते म्हणाले.

एवढंच! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, पण पोराच्या जन्माचं वाटोळं करताय, हे नक्की बोलले. कळीने ठरवायचं तर शाळा कशाला काढल्या, हेही बोलले. खोपीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मी गुरुदासला म्हटलं, "उठ. तिकिटाशिवाय जाऊ. कॉलेजचं ओळखपत्र खिशात आहे ना? मी सांगते त्यांना."

"काय सांगतलास?" गुरुदास म्हणाला. "तिकीट घरात आसा आणि घरात जावची परवानगी नाय म्हणान? हसतले ते." त्याने पेन्सिल फेकून दिली आणि खोपीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. पंचवीस वर्षं मुलं शिकवली, पण इतका हरलेला मुलगा मी पाहिला नव्हता.

दत्तारामांनी खोपीत पडलेल्या पोराकडे बघितलं. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, नीट घडी केली आणि जयरामसमोर धरलं.

"उद्या तू उभो रव."

जयरामला ही जागा हवी होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच्या बापालाही हवी होती. पण आत्ता त्याचा हात पुढे होईना. "दादा, आणि तू खंय?"

"झिलाच्या परीक्षेक. तिकीट कित्या नाय, ता थय सांगूक कोण तरी होयो. ता माझ्यामुळे ऱ्हवला."

उद्याच्या कौलाला ज्याच्या अंगावर उपरणं, गाऱ्हाण्याचा मान पुढेही त्याचाच. एकदा हातातून गेलेलं परत मागायचं म्हणजे भावबंदकीत उभं आयुष्य जातं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. जयरामने शेवटी दोन्ही हातांनी उपरणं घेतलं आणि त्यांच्या पाया पडला. राधाबाई रडत होती. तेवढ्यातच तिने नवऱ्याची काळी टोपी शोधून झटकलीही. गुरुदास कधी बाहेर येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही.

दुपारच्या गाडीने आम्ही तिघं पणजीला पोचलो. अक्काकडे दत्ताराम जेवले आणि ओटीवर निजले.

सकाळी परीक्षेच्या शाळेत पर्यवेक्षक होते ते चष्मेवाले, सडसडीत गृहस्थ. मी कालपासून घोकलेलं सगळं त्यांना अर्जासकट सांगितलं. त्यांनी नियम सांगितला. मी परत सांगितलं. त्यांनी परत नियम सांगितला. मग दत्ताराम पुढे झाले आणि जमेल तशा शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, तिकीट घरात आहे. माझ्या वाटेवर माझं घर होतं. मी दारावरून गेलो, पण उचललं नाही. याची काही चूक नाही."

"का नाही उचललंत?"

"मी गावाच्या कामाला गेलो होतो."

पर्यवेक्षकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. टोपी, कोट, धोतर, अनवाणी पाय. मग त्यांनी यादी काढली, गुरुदासचं नाव शोधलं, ओळखपत्र ताडून पाहिलं, तिकीट आठवड्यात पोस्टाने पाठवीन असं लिहून घेतलं आणि म्हणाले, "शेवटच्या बाकावर बस." माझा जीव भांड्यात पडला.

पुढचं आधीच सांगून टाकते. गुरुदासला त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. दोन गणितांच्या मानगुटीवर बसला होता, त्यानेच कबूल केलं. मामाच्या सोसायटीत त्याने दोन वर्षं काढली आणि मग स्वतःच्या पगारावर पुन्हा परीक्षा देऊन पुण्याला गेला. आणि त्या रविवारी गावात जयरामने गाऱ्हाणं घातलं, तर पहिल्याच फटक्यात उजवी कळी पडली. गाव म्हणालं, जयरामचा हात लाभतो. जागा त्याच्याकडेच राहिली. दत्ताराम नंतर देवळात मागच्या रांगेत उभे राहायचे आणि सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचे. त्यांनी ती जागा परत मागितली नाही. मी एकदा विचारलं तेव्हा ते नेहमीप्रमाणे माडाकडे बघत राहिले, आणि त्या वेळी उत्तर आलंच नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं. पेपर सुरू झाल्याची घंटा झाली आणि आम्ही दोघं फाटकाबाहेर गुलमोहराखाली थांबलो. गावात कौलाची वेळ तीच. दत्तारामांनी टोपी काढून काखेत धरली, गावाच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले. मला वाटलं, सवय सुटत नाही, गावाचं गाऱ्हाणं घालताहेत. माझा त्या कळ्यांवर विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी मी ऐकू लागले.

"बा देवा म्हाराजा," ते हळू आवाजात म्हणत होते, "आज गावाचा गाऱ्हाणा जयरामाच्या तोंडात आसा. माझा तोंड मोकळा आसा, म्हणान आज पयल्यांदा घरचा सांगतंय. तुझा लेकरू आत बसला आसा. तेचा तिकीट तुझ्याकडेच आसा, ता तुका म्हायत आसा. तेका येता ता तेच्याकडसून लिवन घे. येणा नाय ता सोडूची तेका बुद्धी दी, म्हाराजा…"

ते थांबले. गाऱ्हाण्यात इथे मागचे लोक साथ देतात. मागे कुणी नव्हतं. रस्ता रिकामा, फाटकावरचा शिपाई बिडी शिलगावत होता. दत्ताराम हात जोडून तसेच वाट बघत राहिले.

मी पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."