हमीदा मॅडम आणि न दिसणाऱ्या काठ्या

एसटीत कंडक्टरने तिकिटाचं मशीन पुढे केलं की माणसं पैसे काढतात. हमीदा मॅडम मान वाकडी करायच्या. डोक्यावरून ओढणी, डोळ्यांवर काळा गॉगल आणि कान खांद्याला टेकेल इतकी तिरकी मान. मग हळूच दुसऱ्या बाजूला. कंडक्टर बिचारा आकडा चुकला की काय म्हणून मशीन स्वतःकडे फिरवून बघायचा. एम.एस्सी.च्या पहिल्या दिवशी पोलादपूरहून महाडला येताना मी त्यांना असंच पहिल्यांदा पाहिलं, आणि मनात म्हटलं, बाईंचा एक तर मणका गेलाय नाहीतर डोकं. तासाभराने त्याच बाई आमच्या वर्गात शिरल्या आणि तोच गॉगल त्यांनी टेबलावर ठेवला. आम्हाला रसायनशास्त्र शिकवायला त्याच होत्या.

मुलं त्यांना तिरपी मॅडम म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी गॉगल वर्गभर फिरवला आणि एकेकाला तो घालून कॅल्क्युलेटरकडे मान तिरकी करून बघायला लावलं. आकडे गायब! मान सरळ केली की पुन्हा हजर. "पडद्यातून येणारा उजेड एकाच बाजूने डोलतो," त्या म्हणाल्या. "गॉगल सरळ असला तर त्याला वाट मिळते, आडवा झाला की मिळत नाही. आणि पडद्याच्या आत बसून हा उजेड वळवणारा जो पदार्थ आहे ना, तो धड पाणीही नाही आणि धड मीठही नाही. त्याला द्रवस्फटिक म्हणतात." त्या पदार्थावर बाईंचा इतका जीव होता, की त्याच्याबद्दल बोलताना त्या खडू हातात घ्यायच्या आणि लिहायलाच विसरायच्या.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी त्यांच्याकडे गेले. खरं सांगायचं तर बाकीचे मार्गदर्शक आधीच भरले होते. मला त्यांनी एक द्रवस्फटिक स्वतःच्या हाताने बनवायला दिला. लांबट, काडीसारखा रेणू. दोन तुकडे जोडून तो करायचा, आणि त्यातल्या एका तुकड्याला चक्क बडीशेपेचा वास. प्रयोगशाळेतून घरी गेले की आई विचारायची, हॉटेलात कामाला लागलीस काय गो?

नेमका मी तो पावसाळ्यात करायला घेतला. शुद्ध पदार्थ खोलीच्या गरमीत पेजेसारखा गढूळ दिसायला हवा आणि कडक तापवला की एकदम काचेसारखा नितळ व्हायला हवा. माझा आज गढूळ असायचा, आणि उद्या बाटली उघडली की बडीशेपेचा वास. वास आला याचा अर्थ सांधा तुटला, दोन तुकडे वेगळे झाले. आमच्याकडची हवाच अशी, की श्रावणात भिंतीला हात लावला तर ओला होतो, आणि त्या रेणूला तर पाण्याचं वावडं. पुन्हा केला, पुन्हा तेच. मी रडकुंडीला येऊन बाटली बेसिनमध्ये ओतायला निघाले, तर बाईंनी मनगट धरलं. "घाई कुणाला आहे? रेणूला तर नाही. अगं, श्रावणात तुझी आई पापड उघडे ठेवते का?" मग त्यांनी स्वतः ज्योतीवर काचेची नळी वितळवून दाखवली. ताजा माल आत घ्यायचा आणि नळीचं तोंड काचेनेच बंद करायचं. हवा नाही, बूच नाही, काही नाही. माझ्या कितीतरी नळ्या फुटल्या, बोटं भाजली, पण त्या कधी वैतागल्या नाहीत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि एक नळी साधली.

तोवर घरचा धीर मात्र संपला होता. वडील मुंबईला, घर आईच्या हातात. बिरवाडीला खोली घेऊन राहणाऱ्या मामाने एका कारखान्यात पॅकिंगमध्ये माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. आईचा हिशेब सरळ होता. "दोन वर्सं झाली नि अजून व्हतंयच. भातसुद्धा चार म्हयन्यात व्हतो." मी तिला म्हटलं, कॉलेजात येऊन मॅडमशी बोल, तर म्हणाली, मी तिथं काय बोलू, मला त्यातलं काय कळतंय? मला तिचा रागही यायचा आणि तिचं चुकत नाही हेही कळायचं. प्रकल्प अर्धा सोडला असता तर दोन्ही वर्षं पाण्यात गेली असती.

मी हे सगळं हमीदा मॅडमना सांगितलं, ते निरोप घ्यायला म्हणूनच. त्यांनी ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं, आई घराबाहेर कुठे पडते का? मी म्हटलं, गुडघ्यांसाठी महाडजवळच्या सव गावात गरम पाण्याच्या कुंडावर येते, या शनिवारी येणार आहे. "मग आपणच जाऊ की," त्या म्हणाल्या, "मलाही पाय शेकायचेत."

मला वाटलं होतं, बाई आता आईला शिक्षणाचं महत्त्व सांगणार. त्या भाषणाची मला आधीच लाज वाटत होती. बाईंनी तसलं काहीच केलं नाही. कुंडाच्या पायरीवर आईशेजारी बसल्या, सलवार वर खोचली, पाय पाण्यात सोडले आणि हाय हाय करत वर घेतले. गुडघ्यांच्या गप्पा झाल्या. कुठलं तेल, कुठला वैद्य, जिन्याने जास्त दुखतं की उकिडवं बसल्याने. मी आपली कडेला उभी, सोमवार डोक्यात घेऊन. मग त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली नळी काढली. "ताई, जरा धरा. तुमच्या मुलीने केलंय."

आईने आधी पदराला हात पुसले, मग नळी घेतली. दोन बोटांत धरून उजेडात बघितली. "पेज हाय जशी," ती म्हणाली. बाईंनी तिला नळी पाण्यात धरायला सांगितली, जिथे झरा फुटतो आणि हाताला चटका बसतो तिथे. आईने धरली. खालून नितळपणा चढत गेला आणि बघता बघता नळीत काही आहे की नाही असं झालं. वाऱ्यावर काढली तर पुन्हा पेज. आईने परत बुडवली, परत काढली. शेजारच्या बायका अंघोळ सोडून बघायला लागल्या. आई काही नळी सोडेना.

"ह्यात हाय काय, बाय?"

बाईंनी विचारलं, तुमच्या वाडीची सासनकाठी महाडच्या छबिन्याला येते ना? आईचा चेहराच खुलला. आमची काठी केवढी उंच, कोण धरतं, देवाच्या पालखीपुढे मिरवणुकीत कोण नाचवतं, सगळं सांगून झालं. मग बाई म्हणाल्या, "ह्यातही काठ्याच आहेत, डोळ्यांना न दिसणाऱ्या. देवळात बांधून ठेवल्या की हलत नाहीत, तेव्हा हे दगडासारखं घट्ट. छबिन्यात निघाल्या की पुढेमागे होतात, जागा बदलतात, तरी एका घोळक्यातल्या सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. घोळके अनेक, प्रत्येकाची बाजू निराळी, म्हणून उजेड अडखळतो आणि गढूळ दिसतं. गढूळ म्हणजे घाण नव्हे, ताई."

आईने जरा विचार केला. "नि ताप जास्त झाला की?"

"मग कुणी कुठेही. घोळका मोडला, उजेड सरळ आरपार."

आईने मान डोलावली, जसं काही ते तिला आधीच ठाऊक होतं. मग बाईंनी आपला गॉगल आईच्या नाकावर चढवला, तिचाच बटणांचा मोबाइल तिच्यापुढे धरला आणि मान तिरकी करायला सांगितली. पडदा काळा! माझी आई, नऊवारीतली, काळा गॉगल लावून कुंडाच्या पायरीवर मान इकडून तिकडे करत हसत होती. तिला तसं हसताना मी फार वर्षांत बघितलं नव्हतं. मला तिथेच रडू आलं, आणि पाण्याच्या वाफेवर ढकलून मी ते निभावलं.

परतीच्या मिनीडोर रिक्षात आईचा हात सारखा कमरेला जात होता. नळी तिच्या कमरेच्या बटव्यात होती. बाईंनी ती परत मागितलीच नव्हती. महाड आलं तेव्हा आई म्हणाली, "सोमवारी जाऊ नको. मामाला मी सांगतंय." एवढंच. का, ते मी विचारलं नाही. बोलून दाखवलं तर तिचा विचार बदलेल अशी मला भीती वाटली.

आज मी पोलादपूरला मुलांना रसायनशास्त्र शिकवते. पगार वेळेवर होतो, वडील मुंबईहून कायमचे परत आलेत, आणि हे सगळं मी त्या बाईंचं देणं मानते. त्यांना हे एकदा सांगायला गेले तर मला म्हणाल्या, देणं रेणूचं मान, मी तर पाय शेकायला आले होते.

गेल्या पावसाळ्यात हमीदा मॅडम गेल्या. झोपेतच. निरोप कळला तसा आईने माझ्याआधी पायांत चपला घातल्या. महाडला त्यांच्या घरी भावाची बायको, सकीनावहिनी, आमच्याजवळ येऊन बसली. तिचं रडून झालं होतं. ती म्हणाली, आपा इतकी वर्षं त्या कॉलेजात कशात एवढ्या रमायच्या, ते आम्हाला कधी कळलंच नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, आपल्याला काय समजणार म्हणून.

मी तोंड उघडलं. रेणू, रचना, गुणधर्म, सगळं अगदी ओठांवर आलं होतं. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"तू थांब," ती मला म्हणाली. "दोन वर्सं तू मला सांगतच व्हतीस. बाईनी हातात दिलान." मग तिने वहिनीला भांडंभर कढत पाणी आणायला सांगितलं आणि कमरेचा बटवा सोडला. नळी जरा पिवळी दिसत होती, पण आतली पेज तशीच होती.

"धर गो," आई म्हणाली. "ह्यात काठ्या हायत."

सकीनावहिनीने आधी ओढणीला हात पुसले, मग नळी घेतली.