ओळीवरून फिरणारं बोट

शिरगावच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरचे काका माझ्यासारखेच वेल्डर. बोलतानाही एक डोळा बारीक करतात आणि एखादी गोष्ट पटली की म्हणतात, "ओके, पास." परदेशातल्या कामाच्या व्हिसासाठी ते तिसऱ्यांदा अर्ज भरत होते, मी पहिल्यांदा. वर्षाला जागा ठरावीकच असतात, भरल्या की दार बंद.

अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी मी माझे कागद त्यांना दाखवले. वेल्डिंगचा जॉइंट तपासावा तसं ते प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं.

"भाऊ, कंपनीच्या लेटरमध्ये जॉइनिंगची तारीख वेगळी आहे आणि फॉर्ममध्ये वेगळी. रिजेक्ट मारतील."

मी हसत म्हणालो, "काका, मी गळलो असतो तर तुमचाच चान्स वाढला असता."

"क्रॅक दिसल्यावर पास कसं म्हणू?" म्हणत त्यांनी पुढचा कागद घेतला.

यंदा माझा नंबर लागला, त्यांचा नाही. काल त्यांनी स्वतः येऊन माझी बॅग काट्याला लावली, वजन पाहिलं नि म्हणाले, "ओके, पास."

त्यांच्या जागी मी असतो तर ती चूक मलाही दिसली असती. मी बोललो असतो का, हे स्वतःला विचारायची हिंमत मात्र माझी अजून झालेली नाही.