दुसऱ्या दिवशीचं फडकं

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. नळीत तोंडाकडून बारूद भरायची, गजाने ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. रामाकोन्याजवळच्या आमच्या शेतात रानडुकरं शिरली की बाबा नुसत्या बारुदीचा बार काढत. छर्रा घालत नसत. डुकरं आवाजानेच पळत आणि ठिबकच्या नळ्या दोन-चार दिवस शाबूत राहत.

बार काढायला क्षणही लागत नाही, पण नंतरची धुलाई मोठी. बारुदीची काजळी नळीत राहिली की हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंड आतून खाते. म्हणून नळी लाकडी दस्त्यापासून वेगळी करून तिच्यात उकळतं पाणी ओतायचं. काळं पाणी मागच्या छिद्रातून बाहेर येतं. पाणी उकळतंच हवं, कारण नळी तापली की उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. कोमट पाणी आत रेंगाळतं. हे काम एकट्याचं नाही. बाबा पोत्याच्या तुकड्यात नळी धरायचे आणि मी नरसाळ्यातून पाणी ओतायची. लग्न होऊन पांढुर्ण्याला गेले, हार्डवेअरचं दुकान सांभाळू लागले, तरी बंदूक धुवायची असली की मला फोन यायचा. भाऊ तिथेच राहतो, पण त्याला बंदुकीचं वावडं.

पाण्यानंतर कोरडी फडकी. जुन्या धोतराची, सुतीच. शेवटचं फडकं कोरडं आलं की नळी गरम असतानाच शिलाई मशीनचं तेल फिरवायचं आणि तोंड खाली करून उभी ठेवायची, म्हणजे जास्तीचं तेल मागे साचत नाही.

एकदा मी दुकानातून गंजरोधक फवाऱ्याचा डबा घेऊन गेले. बाबांनी तो हलवला, हुंगला.

"हे अत्तर कोनाले लावतं व माय? नवरदेवाले?"

"बाबा, मिलिटरीवाले वापरतात हे."

"मंग मिलिटरीतच दे पाठवून."

आई तेव्हा होती. ती चुलीजवळून म्हणाली, "थ्या नळीले जेवढं तेल जिरवलं, तेवढं माह्या गुडघ्याले चोळलं असतं तं मी जामसावळीच्या मारुतीले पायी गेली असती."

पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची. लोक तेल लावलं की काम संपलं समजतात. तेलाखाली कुठेतरी ओल दबून राहिलेली असते आणि ती रातोरात काम करते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक कोरडं फडकं आतून फिरवायचं. ते तांबूस आलं तर सगळं पहिल्यापासून. स्वच्छ आलं तर नवं तेल, आणि मग बंदूक विसरायची. मला घाई असायची, बस असायची, गिऱ्हाइकं असायची. बाबा म्हणायचे, "तू जाय. उद्याचं मी पायतो. काम झालं का नाही, हे थे फडकं सांगते. तू नाही."

गेल्या वेळी आम्ही धुतली तेव्हा मृगबहाराची संत्री तोडणीला आली होती. निवडणूक लागली होती, परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या होत्या. बाबांना दोन आठवड्यांपासून ताप येत-जात होता. धरलेली नळी त्यांच्या हातात कलली, आणि गरम पाणी माझ्या मनगटावर उडालं. तेल लावून झालं आणि मी संध्याकाळच्या बसने परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ त्यांना आणि बंदुकीला घेऊन ठाण्यात गेला. पुढच्या आठवड्यात बाबांना नागपूरला दवाखान्यात भरती केलं. ते परत आले नाहीत.

निवडणूक होऊन गेली. परवाना त्यांच्या नावाचा, त्यामुळे तो भावाच्या नावावर होईपर्यंत बंदूक ठाण्यातच. पाऊस आला, पोळाही होऊन गेला. मग भावाचा फोन आला.

"ताई, शेताच्या तारेले करंटचं झटका मशीन लावलं आता. डुकरं येत नाहीत. गंजली असन तं कायले आणतो घरी? सरकारले देऊन टाकतो."

"आणि गंजली नसली तर?"

"तं आणतो. पण पावसाळाभर बंद खोलीत होती, गंजलीच असन. बाबांनं दुसऱ्या दिवशी पुसली का नाही, कोनाले माहीत? मी तं सकाळपासून तोडणीवर होतो."

मलाही माहीत नव्हतं. तापातल्या माणसाने ते केलं असेल का, हे विचारण्यासारखा माणूस एकच होता. दुकानाच्या काउंटरवर खिळे तोलताना मला हे भलत्या वेळी आठवायचं.

बंदूक ठाण्यातच पाहून पुसायची म्हणून मी अर्ज दिला, परवानगी मिळाली. फडकी, गज आणि तेलाची बाटली घेऊन सौसरच्या ठाण्यात गेले. जमा वस्तू ठेवतात त्या मालखान्यातून हवालदाराने बंदूक आणली आणि व्हरांड्यात माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"तुमचे बाबूजी लई कडक होते बाई. जमा करून राहिले का तपासणी, समजेच ना. 'तोंड खाली ठेवजा' म्हणे. भिंतीले टेकवून तोंड खाली करून ठेवली, तवाच गेले. साहेबही एवढे हुकूम सोडत नाही."

मी हसले. मग नळी सोडवली.

गजाला फडकं गुंडाळून तळापर्यंत नेलं, फिरवलं, बाहेर काढलं. फडकं तेलाने पिवळं झालं होतं. उन्हात धरलं. बोटांमध्ये चोळलं. कुठे कण नाही, तांबूस रेघ नाही. तेल मात्र भरपूर, आम्ही लावलं होतं त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे सकाळी ते उठले होते. एकट्याने नळी सोडवली होती, पुसली होती, वर पुन्हा तेल दिलं होतं.

"निघाला का गंज?"

"नाही."

"मंग झालं ना. आता कायले पुसून राहिल्या?"

"जुनं तेल आहे. घट्ट होतं. काढावं लागतं."

बरोबरच होतं ते. बाबांनीही तेच केलं असतं. पण दुसरं फडकं गजाला गुंडाळायला मला वेळ लागला. त्यांच्या हाताचं शेवटचं काम त्या नळीत होतं, आणि ते पुसून काढणं हेच काम मी बसने येऊन करत होते. हवालदाराने चहा मागवला. मी पुसत गेले. शेवटचं फडकं कोरडं आलं. मग माझ्या बाटलीतलं तेल आत फिरवलं, नळी बसवली, आणि हवालदाराने बंदूक तोंड खाली करून ठेवल्याचं जाऊन पाहिलं.

बाहेर येऊन भावाला फोन केला. "स्वच्छ आहे. घरी आणायची."

"म्हणजे पुसली होती बाबांनं."

"हो."

"मले आवाज तरी द्यायचा ना," तो म्हणाला. मला म्हणाला की बाबांना, कळलं नाही.

हवालदाराने तेलकट फडकी टाकायला कोपऱ्यातला डबा दाखवला. मी म्हटलं, तेलाचं फडकं टाकत नाही, विळे पुसायला कामी येतं. पिशवीत घालून घेऊन आले. विळे अजून पुसले नाहीत.