काठीखालची चिठ्ठी

आमच्या गावच्या संग्रहालयात माझ्या अक्षरातली एक चिठ्ठी वीस वर्षं होती. ती खोटी होती. हे आधीच सांगतो, कारण पुढे पाटलाबद्दल मी मनसोक्त लिहिणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की सगळा दोष त्याचाच होता.

संग्रहालय म्हणजे एक दगडी खोली. पैनगंगेच्या उतारावर, नावेची वाट पाहणाऱ्यांसाठी बांधलेली. वरच्या अंगाला पूल झाला, नाव बंद पडली आणि खोलीत शेळ्या बसू लागल्या. आमचे हेडमास्तर हौशी. गावाचा इतिहास इथे मांडायचा असं त्यांनी ठरवलं. साठ सालानंतरची गोष्ट. मी त्यांच्या शाळेत नवा मास्तर होतो, अक्षर बरं होतं, म्हणून प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडे आलं. काचेचं कपाट ढाणकीहून बैलगाडीत कडब्यात बसवून आणलं. नावाड्यानं वल्हं दिलं. तांड्याच्या नाईकानं बैलाच्या पाठीवर धान्य लादायची जुनी गोण दिली. पाटलानं तलवार दिली आणि समितीचा अध्यक्ष झाला.

त्या पाटलावर माझा जुना राग होता. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला. घरोघरचे देव टोपल्यांत भरून आम्ही याच उतारावर नदीत सोडले. घुंगराची काठीही आपण सोडली, असं माझ्या बानं त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. ही काठी म्हणजे आमच्या घराण्याच्या गावकीची खूण. ती घेऊन माझे आजे-पणजे पाटलाचे निरोप पोचवत. गावात कुणी मेलं की मरणाची बातमी घेऊन सोयऱ्यांच्या गावी पायी जात. घुंगरं वाजली की वाटेवरचे लोक बाजूला सरत.

पंधरा दिवसांनी पाटलाची आई वारली. बा बातमी घेऊन गेला नाही. त्याला चावडीवर बोलावणं आलं. मी सोबत होतो. बा म्हणाला, "काठी नदीत गेली, पाटील. आता मी कोनाचा निरोप नेत नाही."

पाटलानं आवाज चढवला नाही. पटका सोडून पायरीवर ठेव, एवढंच म्हणाला. बानं ठेवला. पाटील उठला, त्या पटक्यावर पाय दिला, पायताणाची माती त्याला पुसली आणि सावकाश पायऱ्या उतरून गेला.

वस्तीत बाचं उत्तर गाजलं. कुणाचं भांडण झालं की लोक निवाड्याला बाच्याकडे येत. काठी बुडवली म्हणून पाटलाच्या तोंडावर सांगणारा माणूस, त्याचा शब्द कोण मोडणार? मला मात्र त्या उत्तरापेक्षा पटक्यावरचा मातीचा ठसाच जास्त आठवे.

संग्रहालयाची तयारी चालू असताना मी घर शाकारायला वर चढलो, आणि आढ्याला गोणपाटात गुंडाळलेली काठी सापडली. बानं ती बुडवलीच नव्हती. मी ती होती तिथे ठेवायला हवी होती. तिच्याखाली काय लिहिता येईल हेच मला पहिल्यांदा सुचलं.

बाला न सांगता काठी नेली. पाटलाच्या तलवारीशेजारी ठेवली आणि खाली लिहिलं: 'ही काठी धरायला नकार दिला म्हणून १९५६ साली या गावच्या पाटलाने एका माणसाच्या पटक्यावर पाय दिला.' काठी नदीत गेली, हे बाचं बोलणं मी विसरलो नव्हतो. पाटलाची अशी नाचक्की होईल की काठी आली कुठून हे कुणी विचारणारच नाही, असं मी धरून चाललो होतो.

उद्घाटनाला तहसीलदार आले. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मग पाटलाकडे पाहिलं. पाटलाचा चेहरा उतरला. तो क्षण मी अजून चघळतो. लाज वाटते, पण गोड लागतो.

मग पाटलाची नजर चिठ्ठीवरून काठीकडे गेली. दारात आमची वस्ती उभी होती. बा सगळ्यांत पुढे, धुतलेला पटका बांधून. पाटील हसला.

"काहून रे, नदीत सोडली होती ना?"

वस्तीतली एक म्हातारी मान वळवून बाच्याकडे बघू लागली. मग सगळेच बघू लागले.

"माहीच हाय," बा म्हणाला आणि निघून गेला.

घरी तो मला रागावला नाही. सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "माह्या बापाच्या हातानं गुळगुळीत झालती ती. देव सोडले, ती नाही सोडवली. लिहाचंच होतं तं हे लिहाचं होतं."

काठी परत आण, असंही म्हणाला. मी मागायला गेलो. आता ती गावाची आहे, असं पाटील म्हणाला आणि हेडमास्तरांच्या समोर त्यानं मला नवी चिठ्ठी सांगितली: 'पाटील घराण्याच्या सेवेतील काठी.' माझी नोकरी अजून कच्ची होती. मी लिहिलं. भोवती लाल शाईची चौकटसुद्धा काढली.

बाला तोंडावर कुणी बोललं नाही. फक्त निवाड्याला लोक येईनासे झाले. चावडीवरची ती गोष्ट आधी थोडक्यात सांगू लागले, मग सांगेनासे झाले. बा त्यानंतर सात वर्षं जगला. नदीला जाताना तो उतार टाळून लांबून जायचा.

पाटीलही मेला. बाच्या नंतर बऱ्याच वर्षांनी, सुखानं. आता त्याचा मुलगा अध्यक्ष आहे आणि शाळेचा हेडमास्तर म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात मी लाल चौकटीची चिठ्ठी काढली आणि दुसरी ठेवली:

'ही काठी माझ्या बापाची. नदीत सोडली असं तो खोटं बोलला, कारण तिला त्याच्या बापाचा हात लागला होता. ती पुन्हा धरली नाही म्हणून पाटलानं त्याच्या पटक्याला पायताण पुसलं. इथली आधीची चिठ्ठी मी भीतीनं लिहिली होती.'

खाली सही केली. चार दिवसांत पाटलाच्या मुलानं ती फाडली. मी पुन्हा लिहिली. तीही फाडली. आज तिसरी लिहून वाळत ठेवली आहे. निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत, आणि अक्षर अजून बरं आहे.