काऊन सर

काऊन सरांना राग आला की ते खुर्ची ओढून थेट समोर बसत, चष्मा काढून खिशात ठेवत आणि अगदी हळू आवाजात विचारत, "काऊन?" आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत ‘का’ला काऊन म्हणतात. शिकून शहाणे झालेले लोक हा शब्द गावच्या वेशीवरच सोडून येतात. सरांनी तो डी.एड. कॉलेजच्या वर्गात आणला आणि आम्ही पोरापोरींनी तो त्यांच्या नावाला चिकटवून टाकला. त्यांचं खरं नाव कुणी घेतल्याचं मला फारसं आठवत नाही.

ते आम्हाला मानसशास्त्र शिकवत. दोन हजार तीन-चारचा काळ. गोंदिया जिल्हा नवा होता आणि डी.एड. म्हणजे हमखास नोकरी, असं घरोघरी वाटत होतं. गोंदियाला, फुलचूरकडे एका भाड्याच्या दुमजली घरात आमचं खाजगी कॉलेज भरायचं. सर मूळचे चिचगडचे, बौद्ध घरातले. वडिलांचं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात, धानाच्या बांधीत गेलं. सर एम.ए. होऊन इथे तासिकेवर लागले होते, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार आणि दर जूनला नवा करार. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे जे बोललं गेलं, त्यात ही गोष्ट कुणीच सांगितली नाही.

‘स्वभाव’ या शब्दाशी त्यांचं वैर होतं. त्यांच्या तासाला तो शब्द उच्चारायची बंदीच होती. आमच्यातल्या एकाने सराव शाळेतल्या एका मुलावर टिपण वाचून दाखवलं. मुलगा आळशी आहे, वर्गात झोपतो.

"काऊन?"

"स्वभावच आहे सर त्याचा."

चष्मा खिशात गेला. "त्याले विचारलंस?"

"नाही."

"मंग त्याचा स्वभाव तुले कोनं सांगतला? उद्या जाऊन विचारून ये."

दुसऱ्या दिवशी तो पडलेल्या चेहऱ्याने आला. मोहफुलांचे दिवस होते. ते पोरगं उजाडायच्या आधी आईबरोबर रानात फुलं वेचायला जायचं आणि तिथून तसंच शाळेत यायचं. सर त्याला रागावले नाहीत. आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलेला ‘आळशी’ हा शब्द तेवढा त्याच्याच हातून पुसून घेतला.

पुस्तकात व्यक्तिमत्त्वाचं एक प्रकरण होतं. अंतर्मुख, बहिर्मुख, मिश्र, शिवाय कुणी शरीराच्या ठेवणीवरून पाडलेले प्रकार. परीक्षेपुरतं ते सगळं सर नीट शिकवत आणि शेवटी म्हणत, "हे खोके आहेत. खोक्यात बटाटे ठेवा, मानसं नोका ठेवू." मी तेव्हा शेवटच्या बाकावर बसायची. तोंड उघडलं की गावची बोली बाहेर पडायची आणि शहरातल्या मुली फिदीफिदी हसायच्या, म्हणून मी तोंडच उघडत नसे. वर्गाने मला एकमताने अंतर्मुख ठरवलं होतं. सरांनी एकदा मला उभं केलं.

"घरी पन अशीच चूप राहतेस का वं?"

"नाही सर. माय म्हन्ते, तोंडाले झाकन नाही इच्या."

सर वर्गाकडे वळले. "मंग घुमं कोन आहे? हे पोरगी, का आपलं कॉलेज?"

कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून मी बोलायला लागले, ती आजतागायत बोलते आहे.

अशा माणसाचा स्टाफरूममध्ये निभाव लागणं कठीणच होतं. तिथे स्वभावाचं दुकान दिवसभर उघडं. अमक्याचा स्वभाव चिकट, तमकीचा नखरेल. एक बाई एकदा सरांसमोरच म्हणाल्या, "ह्या लोकांचा स्वभावच भांडखोर असतो." मी वह्या ठेवायला आत गेले होते. सरांनी खुर्ची ओढली, त्यांच्यापुढे बसले. "कोणत्या लोकांचा, मॅडम? आणि काऊन?" बाईंनी पर्स उचलली आणि त्या घंटा झाल्यासारख्या निघून गेल्या. नंतर तेच वाक्य त्यांनी मागे चारचौघांत सांगितलं: बघा, मी म्हटलं नव्हतं, भांडखोर! आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एखाद्याला डिवचायचं, तो बोलला की त्याला भांडखोर म्हणायचं, आणि डिवचणारा मात्र सभ्यच.

घरी त्यांच्या बायकोलाही या शब्दाचा वीट आला होता. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. चहा देता देता त्या कुरकुरायच्या, "भाजीत मीठ जास्त झालं त लोक चिडतात. हा मानूस काऊन इचारते. आता मिठाले काय सांगू?" सर हसत आणि तीच भाजी आणखी वाढून घेत.

माझ्यावर बेतलं ते पहिल्या वर्षाच्या शेवटाला. मी सालेकसाकडून रोज पॅसेंजरने यायची. ती गाडी मालगाड्यांना आणि एक्स्प्रेस गाड्यांना वाट देत देत गोंदियाला पोचायची, कधी वेळेवर, कधी तासभर उशिरा. कॉलेजात तीन ‘लेट’ म्हणजे एक गैरहजेरी. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "देखो बेटा, तू हुशार आहेस, पण स्वभावानेच गैरजबाबदार. तुझी टर्म मंजूर करता येणार नाही." टर्म गेली की परीक्षा गेली. आणि परीक्षा गेली असती तर बाबा मला पुन्हा पाठवणार नव्हते. मामाने स्थळ आणून ठेवलंच होतं. मी गाडीचं सांगितलं तर प्राचार्य म्हणाले, "बहाने सगळेच सांगतात."

सरांनी हे ऐकलं आणि चक्क गप्प राहिले. मला त्यांचा रागच आला तेव्हा.

पुढच्या आठवड्यात सालेकसाच्या एका शाळेत आमचे सराव पाठ होते. आखणी सरांकडे. कॉलेजची जीप दुरुस्तीला पडलेली, म्हणून सरांनी सगळ्या स्टाफची सोय सकाळच्या पॅसेंजरने केली. स्वतः आम्हा विद्यार्थ्यांना घेऊन आदल्या दिवशीच येऊन राहिले. पाठ अकराला सुरू व्हायचे होते. आम्ही विद्यार्थी तयार, शाळेची मुलं तयार, आणि परीक्षक कुणीच नाही. साडेबाराच्या सुमाराला प्राचार्य आणि मंडळी घामाघूम होऊन फाटकाशी आली. फाटकात सर हजेरीपुस्तक घेऊन उभे होते.

"लेट, सर," ते म्हणाले.

"अरे भाई, आमगावला गाडी अडवून ठेवली! दोन मालगाड्या सोडल्या. आमचा काय दोष?"

"असं का? मला वाटलं, तुमचा स्वभाव."

मास्तर मंडळी इकडेतिकडे पाहू लागली. सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "तुमची गाडी लेट होते. हे पोरगी रोज अशाच गाडीनं येते, त हे गैरजबाबदार होते. काऊन, सर?"

सगळं मानसशास्त्र मला त्या फाटकात समजलं. आपण चुकलो की परिस्थिती, दुसरा चुकला की त्याचा स्वभाव. पुस्तकात याला मोठं नाव आहे. मला ते परीक्षेपुरतंसुद्धा पाठ करावं लागलं नाही.

माझी टर्म मंजूर झाली. आणि जूनमध्ये सरांना नवा करार मिळाला नाही.

कॉलेज उघडलं तेव्हा मानसशास्त्राच्या तासाला दुसरेच सर आले. मी प्राचार्यांना विचारायला गेले. ते फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "उनके स्वभाव की वजह से जमा नहीं." ज्या माणसाने वर्षभर तो शब्द आम्हाला तोंडातून काढू दिला नाही, त्याचा काटा त्याच शब्दाने काढला. सहीचं पेन यांच्या हातात, करार यांच्या टेबलावर, आणि दोष काय, तर त्यांचा स्वभाव!

पुढे मी जिल्हा परिषदेत लागले, देवरी तालुक्यात. सर अधूनमधून देवरीच्या बसस्टँडवर भेटत. एक कॉलेज गोंदियाला, एक देवरीला, दोन्हीकडे तासिकाच. केस लवकर पिकले होते. एकदा मी तक्रार करायला लागले, "सर, वर्गात एक पोरगा आहे, इतका मारकुटा..." त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला.

"विचारते, सर," मी म्हटलं. "काऊन ते विचारते."

"शाबास," म्हणाले आणि सुटलेल्या बसच्या मागे धावले. धावल्यावर छातीत कळ येते, हे ते तेव्हा हसत सांगायचे. दवाखान्यात जायचं तर तास बुडायचा, आणि बुडालेल्या तासाचे पैसे मिळत नसत. पन्नाशी गाठायच्या आधीच ते गेले.

शोकसभा आमच्याच जुन्या कॉलेजात झाली. शिक्षकभरती बंद पडून डी.एड. कॉलेजं ओस पडली होती. तिथेही बाकांपेक्षा पोरं कमी. ज्यांनी जिवंतपणी जूनमध्ये बोलावलं नाही, त्यांनी फोटोला हार घातला. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या, मान खाली घालून. प्राचार्य बोलायला उभे राहिले. फार हुशार माणूस, म्हणाले, विद्यार्थ्यांवर जीव. "पण स्वभाव! थोडं जुळवून घेतलं असतं तर आज परमनंट असते, तब्येतही राहिली असती. शेवटी राग माणसाला खातो."

म्हणजे सर मेले तेही स्वभावाने!

मी शेवटच्या रांगेत होते. उभी राहिले.

"काऊन, सर?"

"क्या?"

"परमनंट झाले नाहीत म्हणता. ते काऊन? जूनमध्ये त्यांना बोलावलं नाही. ते काऊन?"

"बेटा, ये वक्त नहीं है इन बातों का." माझ्या शेजारच्या बाईंनी माझा पदर खाली ओढला. दोन-तीन जण मागे वळून माझ्याकडे पाहत होते, ही बया कायम अशीच, अशा नजरेने.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकू उठल्या. आधी त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग प्राचार्यांकडे.

"सांगा न जी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काऊन?"

प्राचार्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. आम्ही त्यांना पाणी पिऊ दिलं. दोघीही उभ्याच राहिलो.